उंबरवाडी, चार दहा ते चार पंचवीस

डोंगर माणसाला नम्र करतात. हे वाक्य मी सत्तावीस वर्षं शाळेत मुलांकडून निबंधात लिहून घेतलं आणि ज्याने लिहिलं त्याला दोन गुण जास्त दिले. समोर उंच कडा, खाली दरी, मध्ये धुकं आणि त्यात आपण केवढेसे, अशी त्याची मांडणी असते. वाक्य चांगलं आहे. त्याच्याविरुद्ध माझ्याजवळ एकच पुरावा होता आणि तो नात्यातला असल्यामुळे वर्गात सांगता येत नव्हता.

पावसाचा जोर ओसरला आणि ऑक्टोबरचं ऊन साताऱ्याच्या दगडी भिंतींवर तापायला लागलं, की आमच्या आळीतली माणसं गाड्या करून वर पठारावर सोनकी पाहायला जातात. सोनकी हे पिवळं, बटणाएवढं फूल. एकट्यादुकट्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही, पण ते डोंगरच्या डोंगर व्यापून बसतं म्हणून त्याला मान आहे. माझी बायको दर वर्षी विचारते, "यंदा जायचं का आपण?" मी म्हणतो, "गुडघे दुखतात गं." माझे गुडघे उत्तम आहेत. रोज सकाळी मी किल्ल्याच्या निम्म्यापर्यंत चढून येतो आणि ते तिला माहीत आहे. ती पुन्हा विचारत नाही. पुढच्या वर्षी विचारते.

मला त्या फुलांच्या आठवणीबरोबर आधी वास येतो तो कोळशाच्या धुराचा. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं, पण पेट्रोल अजून कुपनावर होतं आणि भाड्याच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मोटारीच्या मागे अंघोळीच्या बंबासारखी एक भट्टी बसवलेली असे. सकाळी ती पेटवायची, पंखा फिरवून फुंकायची, आणि अर्ध्या तासाने इंजिनाच्या मनात आलं तर निघायचं. सपाटीला ही मोटार बरी धावे. चढ लागला की दम टाकी आणि आतली माणसं उतरून चालू लागत. प्रवाशांनी मोटारीला सोबत करायची, असे ते दिवस होते.

अशाच एका मोटारीतून माझे मेहुणे रावसाहेब आणि माझी थोरली बहीण अक्का सांगलीहून निघून, कराडवरून साताऱ्याला माझ्या दारात येऊन उभे राहिले. रावसाहेब हे त्यांचं नाव नव्हे, सरकारने दिलेली पदवी. ज्या सरकारने ती दिली तेच तेव्हा सामान बांधायच्या बेतात होतं, त्यामुळे रावसाहेब थोडे चिडचिडे झाले होते. बत्तीस वर्षं महसूल खात्यात काढून, मामलेदार म्हणून ते निवृत्त झाले आणि सांगलीला बंगला बांधून राहिले. पेन्शन म्हणजे काय, तर आपण खोलीत शिरल्यावर कोणी उठून उभं राहत नाही. पहिलं वर्षभर रावसाहेबांनी याचा दोष सांगलीला दिला.

त्यांचं कार्ड आठवड्यापूर्वी आलं होतं. "दसऱ्यानंतरच्या सोमवारी सहकुटुंब डोंगराळ भागाचा दौरा योजिला आहे. सोबत यावे. दौत-टाक आणावा." नवराबायको म्हातारपणी चार दिवस डोंगर बघायला निघतात, त्याला सहल म्हणतात. पण सहलीला गेलेला माणूस कुठेही कितीही वेळ बसू शकतो, आणि हे त्यांना अराजक वाटे. ते फिरतीवर निघाले होते. फिरतीला तक्ता लागतो. तो त्यांनी केला होता आणि त्याच्या चार प्रती काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण बत्तीस वर्षं कारकुनांनी लिहिल्यामुळे त्यांना सहीपलीकडे स्वतःच्या हाताने लिहायची सवय उरली नव्हती. "मास्तर, अक्षर वळणदार येऊ द्या," ते म्हणाले. दिवस, ठिकाण, पोहोचणे, निघणे, कामाचे स्वरूप, शेरा, असे सहा रकाने. शेऱ्याचा रकाना कोरा. तो परत आल्यावर भरायचा.

मंगळवारच्या रकान्यात मी लिहिलं: उंबरवाडी, पोहोचणे ४-१०, निघणे ४-२५, स्थलदर्शन.

"पंधराच मिनिटं?" मी विचारलं.

"आहे काय तिथे पाहण्यासारखं?" रावसाहेब म्हणाले.

अक्का आतून ताटं घेऊन येत होती. ती म्हणाली, "पुरेत पंधरा."

उंबरवाडी म्हणजे काय ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. एकोणतीस वर्षांपूर्वी रावसाहेब मेढ्याला होते, कारकुनीतून नुकतेच वर चढलेले. पहिल्याच मोठ्या फिरतीवर ते बायकोला आणि अडीच वर्षांच्या यमूला घेऊन गेले. उंबरवाडीच्या तळावर यमूला ताप आला. त्या काळी तापात पाणी तोडायची रीत होती. दौऱ्यावरच्या डॉक्टराने तसं कागदावर लिहून दिलं, आणि कागदावर लिहिलेलं असल्यामुळे रावसाहेबांनी ते कडक पाळायला लावलं. तीन दिवस यमू "आई, पाणी" म्हणत होती. चौथ्या दिवशी दुपारी म्हणायची थांबली. रावसाहेब तेव्हा चार मैलांवर पिकं बघत होते. वरचे साहेब येणार होते, म्हणून. ते संध्याकाळी परत आले तोवर अक्काने आणि वाडीतल्या एका माणसाने मुलीला ओढ्याकाठी उंबराखाली ठेवलं होतं. लहान मुलांना पुरतात. पुढे त्यांना मूल झालं नाही. बदल्या होत गेल्या, खानदेश, विजापूर, कोकण. अक्का दर दोनतीन वर्षांनी म्हणायची, एकदा तिकडे जाऊन येऊ. रावसाहेब म्हणायचे, पेन्शन होऊ दे.

झाली.

सोमवारी सकाळी मोटारीत आधी सामान बसलं. घडीचं टेबल, त्याच्या फळीवर हिरवं कापड ताणून बसवलेलं. दोन घडीच्या खुर्च्या. कंदील. दौतीची पेटी. रावसाहेबांच्या जरीच्या पागोट्याची पेटी. फिरतीवर हे लागतंच. उरलेल्या जागेत अक्का बसली, मांडीवर फडक्याने तोंड बांधलेली एक तांब्याची लोटी घेऊन. मी पुढे ड्रायव्हरजवळ. ड्रायव्हर कोरेगावकडचा, लढाईत मिसरला फौजेच्या लॉऱ्या चालवून आलेला. त्याचं नाव बाजीराव. रावसाहेबांना भाड्याच्या ड्रायव्हरला बाजीराव म्हणणं जमेना, म्हणून ते दोन्ही दिवस त्याला "अरे ए" म्हणत राहिले.

वाईपर्यंत सगळं झकास झालं. पसरणीचा घाट लागला आणि मोटार दोन वळणांतच कण्हायला लागली. बाजीराव म्हणाला, "सायेब, उतराया लागंल. वज्जं लय हाय. टेबल-खुरच्या उतरवून ठिवल्या तर वाइच..."

"टेबल राहील," रावसाहेब म्हणाले. "माणसं उतरतील."

माणसं म्हणजे अक्का आणि मी. रावसाहेब बसून राहिले. मामलेदार रस्त्याने पायी चालताना लोकांनी बघणं बरं नव्हे, असं त्यांचं मत होतं. घाटात लोक म्हणजे एक गुराखी आणि सोळा बकऱ्या होत्या. तर अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे धुराचा लोट सोडत चालण्याच्या वेगाने मोटार, मागे पन्नाशीची अक्का लोटी सांभाळत, आणि तिच्या मागे मी. दोन्ही अंगांनी डोंगर पिवळे झाले होते. सोनकी, मध्येच जांभळा तेरडा, खाली कृष्णेचं खोरं, उन्हात वाळत घातलेल्या लुगड्यासारखं. रावसाहेब खिडकीतून डोकं काढून मागे ओरडत, "अगं, खाली काय बघतेस? उजवीकडे बघ. निसर्ग बघ." अक्का खाली बघत होती, कारण खडी सुटलेली होती आणि तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता.

मला हसू येत होतं. ते कबूल केलेलं बरं.

तिसऱ्या टप्प्यावर इंजिनाचं पाणी उकळलं. बाजीराव झाकण उघडून म्हणाला, "पन्नास पावलांव झरा हाय, डबा भरून आणतो." रावसाहेबांनी कोटाच्या खिशातून घड्याळ काढलं. पाचगणीला दहा चाळीसला पोहोचायचं होतं आणि पावणेअकरा आत्ताच झाले होते. त्यांनी मागे अक्काच्या हाताकडे पाहिलं. "ते ओत."

"ही लोटी..." अक्का म्हणाली.

"पाणीच आहे ना?"

बाजीराव लोटी घ्यायला हात पुढे करीना. अक्काने स्वतःच फडकं सोडलं आणि पाणी मोटारीच्या तोंडात ओतलं. सुस्स झालं, वाफ आली. ते पाणी अर्थातच पुरलं नाही. बाजीराव मुकाट्याने डबा घेऊन झऱ्याकडे गेला. पाठोपाठ अक्काही गेली आणि लोटी विसळून, भरून, पुन्हा बांधून घेऊन आली.

मी म्हणालो, "उंबरवाडीला ओढा आहे की. एवढं वाहून कशाला न्यायचं?"

अक्का म्हणाली, "ओढ्याकडं तिनं मागितलं नव्हतं रे बापू. माझ्याकडं मागितलं होतं." मग लोटीकडे बघून म्हणाली, "घरचं होतं ते. वाळा घातलेलं. जाऊ दे, हेही गार आहे."

महाबळेश्वरला प्रत्येक कड्याला कुठल्या ना कुठल्या साहेबाचं नाव दिलेलं आहे. कडा तिथे हजारो वर्षं होता, पण साहेबाने त्याच्यावर उभं राहून चहा घेतल्यानंतर तो झाला. रावसाहेबांना ही पद्धत पसंत होती. प्रत्येक कड्यावर ते पागोटं घालून उभे राहत, घड्याळ बघत, आणि अक्काची परीक्षा घेत. "समोर काय दिसतंय?"

"डोंगर."

"कोणता?"

"मोठा."

"अहो मास्तर, तुमची बहीण बघा. बत्तीस वर्षं माझ्याबरोबर राहून हिला जावळीचं खोरं ओळखता येत नाही."

तिथे पुण्याची दोनचार कुटुंबं होती, ती हसली. अक्काही हसली. खाली दरीत धुकं होतं, ते मध्येच विरळ व्हायचं आणि खोल तळाशी भातखाचरांचे हिरवेपिवळे तुकडे दिसायचे. अक्का त्या तुकड्यांकडे बघत होती. तिने मला हळूच विचारलं, "उंबरवाडी इथून कुठल्या अंगाला असेल?" मला माहीत नव्हतं. रावसाहेबांना माहीत असावं. तिने त्यांना विचारलं नाही. त्यांनी दिशेबरोबर तालुका आणि वसुलीची गावंही म्हणून घेतली असती.

मंगळवारी आम्ही केळघरच्या घाटाने खाली निघालो. उतार असल्यामुळे मोटार खुशीत होती. सोनकी मागे पडली, कारवीची झाडी लागली, आणि खाली आल्यावर सगळीकडे कापलेल्या भाताचा गोड, ओलसर वास. तो वास मला आजही कुठे आला तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो. घाटाखालच्या एका गावाला तक्त्यात अर्धा तास होता, तीन ते साडेतीन, "ग्रामस्थांची भेट". पाटलाला तक्त्याची प्रत आगाऊ गेलेली होती. माझ्याच अक्षरात. गावात शिरलो तर चावडी बंद आणि रस्त्यात एक कुत्रं. गाव शेतात होतं.

रावसाहेबांनी चावडीसमोर टेबल मांडायला लावलं. खुर्ची मांडली. पागोटं घातलं आणि बसले. दौतीची पेटी उघडून ठेवली. तीन वाजले, साडेतीन झाले. मी म्हणालो, "निघू या का? उंबरवाडीला चार दहा..." ते म्हणाले, "पाटील येईल. कळवलं आहे." अक्का मोटारीतच बसून होती. चारच्या सुमारास एक बाई डोक्यावर भाताचा भारा घेऊन आली आणि उभ्या उभ्या निरोप सांगून गेली. "पाटील खाचरात हायती. म्हनालं, भात पडलंया, आज यायला जमनार न्हाई. सायबास्नी म्हनावं, भाकरी खाऊन जावा."

मला वाटलं, आता तरी उठतील. पण निवृत्त माणसाला एक वेळ अपमान सोसवतो, आपली वेळ फुकट गेलेली सोसवत नाही. ते आणखी बसले. कोणीतरी यायलाच हवं होतं. पावणेपाचला कोणीतरी आलं. वाकलेला, कानात भिकबाळीऐवजी सुतळीचा तुकडा घातलेला एक म्हातारा. टेबलाजवळ येऊन त्याने रावसाहेबांचं तोंड सावकाश न्याहाळलं.

"आवं, तुमी मेढ्याचं सायेब न्हवं? लय वरसांमागचं?"

रावसाहेबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्या दोन दिवसांत पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी पागोटं सारखं केलं. "ओळखलंस का?"

"वळखलं की. नाकावरनं वळखलं. मी उंबरवाडीचा कोंडिबा. आता ल्येकीकडं आसतो हितं. आमची म्हस तुमी कोंडवाड्यात घातली हुती."

"म्हैस?"

"व्हय. तुमच्या तंबूत शिरली आन् कागद खाल्लं. तुमचा फिरतीचा तक्ता का काय त्यो. धा दीस कोंडून ठिवली, आटली ती."

"सरकारी कागद होते ते," रावसाहेब म्हणाले.

"आसतील. तिला काय ठावं, सरकारी हाईत का घरचं. पर खाल्लं लय आवडीनं."

बाजीराव भट्टीमागे तोंड लपवून हसला. मी तर उघडच हसलो. रावसाहेबांनी पेटी मिटली.

शिक्षकांच्या खोलीत मी ही हकीकत वर्षानुवर्षं सांगितली आणि ती नेहमी इथे, म्हशीपाशी संपवली. हशा हमखास व्हायचा. नवे शिक्षक आले की जुने म्हणायचे, ती म्हशीची सांगा. हकीकत कुठे थांबवायची हे कळणं म्हणजेच गोष्ट सांगण्याची कला, असं मी मुलांनाही शिकवत असे. ती कला मला चांगली अवगत होती.

कोंडिबा तिथून मोटारीकडे गेला. अक्काच्या खिडकीशी वाकून म्हणाला, "बाई, वळख लागती का? तुमची ती चिमुरडी... खड्डा मीच घेतला हुता."

अक्काने खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याच्या मनगटावर ठेवला.

"उंबर आता न्हाई बरं का. वादळात पाक पडला, धा-बारा वरसं झाली. पर जागा हाय. म्या दगडांची रास लावलीया. हितनं जाताना उजव्या हाताला, वड्याकडंला. तुमास्नी एकट्यानं घावायची न्हाई. मी येतो मोटारीतनं, दावतो."

"गाडीत जागा नाही," मागून रावसाहेब म्हणाले. ते खरं होतं. टेबल परत आत चढलं होतं.

"मागं भट्टीपाशी लटकून येतो की."

"काही गरज नाही. आम्हाला ठिकाण माहीत आहे."

त्यांना माहीत नव्हतं. ते त्या दिवशी चार मैलांवर होते. पण ज्याच्या म्हशीला आपण कोंडवाड्यात घातलं त्याच्याकडून वाट विचारायची, हे त्यांच्या नोकरीत बसत नव्हतं. मोटार निघाली. कोंडिबा धुरात उभा राहून हाताने उजवीकडे, उजवीकडे, असं करत होता.

पुढे मेढ्याला चहा होता. तिथल्या हल्लीच्या मामलेदारांना तक्त्याची दुसरी प्रत गेलेली होती, पाचची वेळ देऊन. पाच वाजून गेले होते. ऊन कलतं झालं होतं आणि भाताच्या खाचरांवर ते तिरपं पडलं होतं. मग रस्त्याने ओढ्याला वळसा घातला आणि अक्का म्हणाली, "आलं वाटतं. उजव्या हाताला म्हणाला तो."

बाजीरावाने मोटार अगदी हळू केली. "थांबवतो सायेब. इंजन चालूच ठिवतो, भट्टी इजायची न्हाई. बाईसाब जाऊन येऊ द्यात."

रावसाहेबांनी घड्याळ काढलं. "पाच वाजून वीस मिनिटं," ते म्हणाले. "इथली वेळ चार पंचवीसला संपली. चल."

बाजीरावाचा पाय तसाच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं "थांब" म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी त्यांच्या खात्यातला माणूस नव्हतो, रावसाहेबांचं खात नव्हतो, मला त्यांची भीतीही नव्हती. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. "इथली वेळ चार पंचवीसला संपली." काय वाक्य आहे! हे शिक्षकांच्या खोलीत कसं जाईल, मी ते मनात घोळवत होतो, रावसाहेबांच्या आवाजात म्हणून बघत होतो. मी समोर पाहिलं. बाजीरावाने पाय दाबला.

ते वाक्य मी पुढे कधीच कोणाला सांगितलं नाही. तेवढी लाज होती. एवढीच होती.

"ते बघ," रावसाहेब डावीकडे बोट दाखवून म्हणाले, "उंबर. दिसलं ना?" डावीकडे एक जांभूळ होतं. अक्काने तिकडे पाहिलंच नाही. ती उजव्या खिडकीकडे वळली होती. उजव्या खिडकीला घडीचं टेबल उभं लावलेलं होतं. बाजूने बघायला म्हणून तिने मान वाकडी केली, पुढे केली, मग मागे केली. फळीवरचं हिरवं कापड तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं. मोटार वळण पार करेपर्यंत अक्का त्या हिरव्या कापडाकडे बघत राहिली.

मला पुढच्या काचेतून सगळं स्वच्छ दिसलं. ओढा, निम्मं कापलेलं खाचर आणि कडेला दगडांची एक बुटकी रास. तिच्यावर कोणीतरी त्या दिवसांतच सोनकीची एक जुडी ठेवलेली होती, किंवा ती तिथे उगवली असेल.

मेढ्याला कचेरीला कुलूप होतं. शिपायाने सांगितलं, मामलेदारसाहेब फिरतीवर गेले आहेत.

मेढ्याच्या पुढे मला तहान लागली. दुपारपासून खारे शेंगदाणे खात होतो. मी सवयीने मागे वळून म्हणालो, "अक्का, पाणी आहे का गं?" आणि म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. पण तोवर तिने लोटीचं फडकं सोडलं होतं.

"घे."

"अगं, ते..."

"घे रे. कुणीतरी मागतंय तर देऊ दे मला."

मी प्यालो. नको म्हटलं असतं तर तिला जास्त लागलं असतं, असं मी त्या वेळी स्वतःला समजावलं. खरं कारण, मला तहान लागली होती. पाणी गार होतं. लोटी रिकामी झाली तेव्हा अक्काने ती घेतली, फडक्याने आतून कोरडी पुसली आणि पालथी मांडीवर ठेवली. रावसाहेबांना झोप लागली होती. पागोटं पेटीत ठेवायचं राहून गेलं होतं, ते खड्ड्याखड्ड्याला त्यांच्या भुवयांवर येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आगगाडीने सांगलीला निघण्यापूर्वी त्यांनी डायरी काढली. मी दौत घेऊन बसलो. तक्त्यावरून एकेक ठिकाण डायरीत उतरवायचं आणि ते सांगतील तो शेरा लिहायचा. पाचगणी, हवा उत्तम. महाबळेश्वर, व्यवस्था समाधानकारक. घाटाखालचं गाव, ग्रामस्थ भेटले, जुन्या आठवणी निघाल्या. अक्का तिथेच तांदूळ निवडत बसली होती.

"उंबरवाडी," मी म्हणालो आणि टाक वर धरला.

"लिहा. पाहिले, ठीक."

"आपण थांबलो नव्हतो, रावसाहेब."

"मास्तर," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तक्त्यात असलेलं आणि न पाहिलेलं असं ठिकाण फिरतीच्या डायरीत नसतं. नाहीतर तक्ता कशाला करायचा?"

मी अक्काकडे पाहिलं. तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "लिही बापू," ती म्हणाली. "त्यांची गाडी चुकेल."

मी लिहिलं.

पुढच्या पावसाळ्यात अक्का गेली. सांगलीला मी भेटायला गेलो तेव्हा रावसाहेब येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "सगळा डोंगर दाखवला तिला. शेवटी शेवटी का होईना, काही राहू दिलं नाही." ऐकणारे मान हलवत. एकाने विचारलं, "ते मुलीचं ठिकाणही?" तेव्हा त्यांनी कपाटातून डायरी आणवली आणि पान उघडून दाखवलं. तो गृहस्थ वाचून गहिवरला. मी तिथेच बसलो होतो. मी चहा घेतला.

बंगल्याच्या पाटीवरची पदवी पुढे बेकायदा झाली की नुसती हास्यास्पद, हे कोणी नीट ठरवलं नाही, पण ती पाटी रोज घासली जात असे. रावसाहेब गेल्यावर ती मोडीत गेली. टेबल पुतण्यांनी नेलं. तांब्याची लोटी कुठे गेली माहीत नाही. मी मागितली नव्हती. डायऱ्या कोणालाच नको होत्या, त्या माझ्याकडे आल्या.

यंदा सोनकी चांगली फुलली आहे म्हणतात. परवा बायकोने विचारलं, मी गुडघ्यांचं सांगितलं, आणि ती शेजाऱ्यांच्या गाडीतून एकटीच गेली. घरात कोणी नव्हतं म्हणून मी ती डायरी काढून बघितली. मंगळवारच्या पानावर उंबरवाडी आहे. पोहोचणे ४-१०. निघणे ४-२५. कामाचे स्वरूप, स्थलदर्शन. शेरा, पाहिले, ठीक. शाई फिकी झालेली नाही. अक्षर वळणदार आहे. माझं आहे.